कल्याणहून जुन्नरला
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात मला 'शैक्षणिक सहलीचे महत्त्व' या विषयावर दहा मिनिटे बोलावयास सांगितले होते. मी पंचवीस मिनिटे घेतली. त्याबद्दल अध्यक्षसाहेबांनी व्यासपीठावर जी चिठ्ठी पाठविली, ती अजून माझ्या खिशात आहे. आता तेच भाषण स्मरणिकेसाठी लिहून देताना चिठ्ठीची भीती नाही, म्हणून त्या दिवशी घाईत जे राहून गेले तेही येथे घालतो. विषय मात्र थोडा बदलून घेतो. सहलीचे महत्त्व आपण सर्वांनी शाळेतल्या निबंधात लिहिलेले आहे. मला एका रस्त्याविषयी आणि त्या रस्त्याने जाऊन पाहिलेल्या एका लहानशा गावाविषयी सांगावयाचे आहे. रस्ता म्हणजे आपला मुरबाड रोड आणि गाव म्हणजे जुन्नर.

वाचकहो, आपण कल्याणचे, डोंबिवलीचे किंवा ठाण्याचे असाल तर मुरबाड रोड आपल्या परिचयाचा आहे. शहाडचा पूल, तेथली वाहनांची कोंडी, लग्नाचे हॉल, इतकीच त्याची ओळख आपल्याला असते. तो पुढे कोठे जातो, हे मी एकदा नववीच्या वर्गात विचारले. निम्म्या मुलांनी 'मुरबाडला' असे उत्तर दिले आणि उरलेल्यांनी 'वॉटर पार्कला'. मुलांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. तो कोठे जातो हे मलाही फार उशिरा कळले.

मी आठवीत होतो तेव्हा आमच्या शाळेची सहल शिवनेरीला गेली होती. मी गेलो नाही. अब्बा रेल्वेत फिटर होते. संध्याकाळी ते कामावरून आल्यावर मी संमतिपत्र त्यांच्यापुढे धरले. ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बेटा, उधर अपना क्या काम?" एवढेच. अब्बांच्या मनात कोणाविषयी वाईट नव्हते. जयंतीची मिरवणूक आमच्या नाक्यावरून जाई तेव्हा पाण्याचे पिंप भरून ठेवण्यात ते पुढे असत. त्यांना एवढेच वाटे की हे दुसऱ्याच्या घरचे कार्य आहे, आपण बोलावल्याशिवाय आत कशाला शिरावे. मी पुढे इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो, बी. एड. झालो, शिवजन्माचा धडा वर्षानुवर्षे शिकविला, आणि शिवनेरी पाहिला नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात सहलीची जागा आधी पाहून यावी म्हणून आम्ही चार शिक्षक भाड्याची जीप करून निघालो. फजरची नमाज पढून शहाडचा पूल ओलांडला. रायत्याला उल्हास नदी लागली, मग गोवेली, मग मुरबाड. मुरबाडला चहा झाला. सरळगावच्या पुढे एक टायर बसला, त्यात अर्धा तास गेला. विज्ञानाचे सर जॅक लावीत असताना आम्ही तिघे इतिहास, मराठी आणि चित्रकला या विषयांचे प्रतिनिधी म्हणून बाजूला उभे राहिलो.

टोकावडे सोडून वैशाखऱ्याच्या पुढे आले की उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत दिसते आणि तिच्यात एक सुळका अंगठा वर करून उभा असतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्या शेजारच्या खिंडीतून चढणारी वाट म्हणजे नाणेघाट. ही वाट दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. वर सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख कोरलेली गुहा आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्या लेखात आहेत आणि आपल्या देशात अंक कसे लिहीत, याचा तो फार जुना पुरावा मानला जातो. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

आता जकात कोणाच्या मालावर, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. माल आपल्या गावचा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात 'कल्लिएना' या बंदराचे नाव आहे. तेथे पूर्वी कायदेशीर व्यापार चाले, पण राज्य बदलल्यावर अडथळा आला आणि ग्रीक जहाज चुकून तेथे आलेच तर पहारा बसवून ते भडोचला नेले जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा प्रवासीही 'कल्लियाना'चे नाव घेतो. खाडीतून आलेला माल कल्याणला उतरे, मुरबाडवरून नाणेघाट चढे आणि जुन्नरला पोहोचे. तेथून पुढे पैठण. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला आली, नंतर बोरघाटातून आणि थळघाटातून वर गेली, आणि ही जुनी वाट ओस पडली. आमची मुले कल्याणची ओळख 'जंक्शन' अशी देतात. ते खरेच आहे. फक्त ते जंक्शन रुळांच्या फार आधीपासून होते.

माळशेज घाट चढून वर गेल्यावर हवा बदलते. पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसत राहते. बनकर फाट्यावरून गाडी वळवून गणेश खिंड ओलांडली की खाली जुन्नरचे खोरे उघडते. टोमॅटोची शेते, कांद्याच्या चाळी, मध्ये कुकडी नदी, आणि गावाच्या उशाला शिवनेरी. कल्याणपासून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतले आहे.

आम्ही आधी लेण्याद्रीला गेलो. हा डोंगर गावाच्या उत्तरेला आहे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. लेण्याद्रीच्या एका विहारात पुढे गणपतीची स्थापना झाली. ते अष्टविनायकांपैकी एक स्थान आहे, त्यामुळे तेथे भाविकांची रीघ असते. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवर माकडे आहेत. चित्रकलेच्या सरांच्या हातातली केळी त्यांनी पहिल्या वळणालाच जमा करून घेतली. मंदिराच्या शेजारी सहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. ते चैत्यगृह आहे, म्हणजे भिक्षूंचे प्रार्थनेचे दालन. खांबांच्या दोन रांगा, शेवटी दगडाचा स्तूप. दाराच्या वरच्या बाजूला ब्राह्मी लिपीतली एक ओळ कोरलेली आहे. मला ब्राह्मी वाचता येत नाही, पण अर्थ मी छापील पुस्तकातून उतरवून नेला होता. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असा तो अर्थ आहे. हिरण्य म्हणजे सोने. त्यावरून हेरणिक. सोन्याचा व्यवहार करणारे हे घराणे कल्याणचे.

वाचकहो, आपल्या गावच्या एका माणसाने आपल्या पैशाने सव्वाशे किलोमीटरवर डोंगर कोरून घेतला आणि वर गावाचे नाव लिहून ठेवले. अठराशे वर्षांच्या आसपास ते नाव तेथे आहे. मी इतिहासाचा पदवीधर. त्या दालनाच्या थंड फरशीवर उभा राहून मी मनात हिशेब केला की कल्याणमधल्या माझ्या वर्गात हे नाव मी कधीही, एकदाही, घेतलेले नाही.

जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचेही लेख आहेत. यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार दिले. कोठल्या तरी समुद्रापलीकडचा माणूस, दुसऱ्याच्या धर्माच्या साधूंना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून खडकात टाके खोदतो. मराठीचे सर हळूच म्हणाले, "याला कोणी विचारले नसेल का, तुझे इकडे काय काम?" मी अब्बांची गोष्ट त्यांना कधी सांगितली नव्हती.

तेथून गावात आलो. जुन्नर हे आज तालुक्याचे साधे गाव आहे. अरुंद पेठा, लाकडी वाडे, मधूनच नवी काचेची दुकाने. परंतु एका सल्तनतीचा आरंभ येथे झाला. बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा मलिक अहमद हा जुन्नरचा कारभार पाहत होता. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि निजामशाही सुरू झाली. अहमदनगर त्याने १४९४ मध्ये वसविले. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पुढे हबशी गुलाम म्हणून आलेल्या आणि स्वतःच्या कर्तृत्वाने निजामशाहीचा आधार झालेल्या मलिक अंबरच्या काळात काही वर्षे राजधानी पुन्हा जुन्नरला आली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आणि ही निजामशाही संपली कोठे? १६३६ मध्ये माहुलीला, आपल्या शहापूर तालुक्यात. आसनगावला लोकलमधून उतरताना जो तुटक्या सुळक्यांचा डोंगर दिसतो, तोच माहुली. जुन्नरला सुरू झालेली गोष्ट आपल्या जिल्ह्यात येऊन संपते.

गावाच्या पूर्वेला हापूसबाग आहे. नाव ऐकून आंबे आठवतात, पण हे मूळ 'हबशी बाग' असावे, असे सांगतात. तेथे हबशी गुंबज उभा आहे. गावाजवळ सौदागर गुंबजही आहे. दगडाचे चौकोनी भक्कम बांधकाम, वर मोठा घुमट, भिंतींत कमानी. आत गेलो तर वटवाघळांचा वास आणि कबरींवर धूळ. आम्ही फातिहा पढलो. कोणाच्या कबरी, हे आम्हांला सांगणारे तेथे कोणी नव्हते.

गावात माझ्या मनात आणखी एक शोध होता, तो कागदाचा. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी कागद आणि दौलताबादी कागद नावाजलेला असे. हा कागद बनविणारे कागदी लोक मुसलमान होते. कोणी काम करणारा भेटेल म्हणून आम्ही दोन मोहल्ले विचारत फिरलो. कोणी भेटला नाही. शेवटी कापडाच्या एका दुकानात एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांच्या आजोबांच्या वेळेपर्यंत घरात काम होते. त्यांनी आम्हांला आत नेऊन चहा पाजला आणि जे ऐकले होते ते सांगितले. जुने दोर, तागाच्या गोण्या नदीवर धुवायच्या, चुन्यात भिजवायच्या, पायाने चालणाऱ्या ढेकीखाली कुटून लगदा करायचा. हौदातल्या पाण्यात लगदा सोडून गवती काड्यांच्या साच्यावर एकेक कागद उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत बसायचे, शाई फुटणार नाही इतके घोटायचे. घोटणे हे बायकांचे काम असे, असे ते म्हणाले. मग त्यांनी कपाटातून एक जुनी चोपडी काढली. पान जाड, किंचित पिवळे, कडेला वाळवीने खाल्लेले, पण मोडी अक्षर काल लिहिल्यासारखे काळेभोर. मी ते पान बोटांत धरले. चिटणिसाचे अक्षर आणि कागदीणबाईचे घोटणे एकाच पानावर. संशोधक दप्तरखान्यात ते अक्षर वाचतात. पान घोटणाऱ्या बाईचे नाव कोठे लिहून ठेवलेले नसते.

चोपडी आम्हांला फोटो काढण्यास दिली, पण विकत देण्यास ते तयार झाले नाहीत. बरोबरच केले.

दुपारी जोहर पढून शिवनेरी चढलो. गाडीरस्ता बराच वर जातो, पुढे पायऱ्या आणि एकामागून एक सात दरवाजे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी येथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे आपल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. जन्माची इमारत लहान, साधी, दुमजली आहे. शिवकुंजात बालशिवाजीसह जिजाऊंची मूर्ती आहे. एका शाळेची मुले ओळीने येत होती. त्यांच्या बाईंनी आम्हांला शिक्षक म्हणून ओळखले, कसे कोण जाणे, आणि "तुमची मुलं कुठं आहेत?" असे विचारले. आम्ही म्हणालो, "जानेवारीत आणणार."

धड्यात नसलेली एक गोष्ट अशी की महाराजांच्या हयातीत शिवनेरी त्यांच्या ताब्यात कधी आला नाही. मोगलांनी तो घेतला होता. त्याच गडावर एक मशीद आहे. दोन मिनारांना जोडणारी दगडाची कमान तिच्यावर अधांतरी टेकलेली आहे, म्हणून कमानी मशीद. खाली पाण्याचे टाके. आम्ही बराच वेळ त्या कमानीखाली बसलो.

याच मोगल अमलात, १६७० च्या दशकात, ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन फ्रायर नावाचा डॉक्टर मुंबईहून निघून ठाणे, कल्याण, मुरबाड करीत जुन्नरला गेला. म्हणजे आमच्याच रस्त्याने, फक्त पंक्चरची भीती नसताना. त्याच्या पुस्तकात, जे १६९८ मध्ये छापले गेले, कल्याणच्या भग्न इमारतींचे वर्णन आहे. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या जनानखान्यात त्याला आजारी बाईची नाडी पाहावयास बोलाविले. पडद्याआडून हात पुढे आला. डॉक्टरने नाडी पाहिली आणि म्हणाला, ही बाई ठणठणीत आहे. आत हशा पिकला असावा, कारण तो हात एका धडधाकट दासीचा होता. परदेशी हकिमाला काही येते की नाही, हे आधी पारखून घेतले आणि मगच खऱ्या रोग्याचा हात पुढे केला. वर्गात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मुली जितक्या हसल्या तितक्या माझ्या कोठल्याही तासाला हसलेल्या नाहीत.

परतताना माळशेजच्या माथ्यावर चहा घेत आम्ही सहलीचा कार्यक्रम ठरवू लागलो. दिवस एक, जागा चार. एक सर म्हणाले, गुंबज वगळू, मुले कंटाळतील. दुसरे म्हणाले, लेण्याद्री वगळू, पालक विचारतील की देवळात कशाला नेले. तिसरे म्हणाले, शिवनेरीच्या पायऱ्या मुलींना झेपणार नाहीत आणि शिवाय लोक म्हणतील की ही दाखवायला नेली. माझ्याही मनात एकदा आले की मशिदीपाशी मुलांना फार वेळ थांबवू नये, उगाच कोणी काही बोलायला नको. प्रत्येकाने एकेक जागा वगळल्यावर कागदावर फक्त जेवणाची सुट्टी उरली. मग आम्हीच हसलो आणि चारही जागा पुन्हा लिहिल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आठवी-नववीची संमतिपत्रे घरोघर गेली. मुलांची बहुतेक परत आली. अडतीस मुलींपैकी नऊ जणींच्या पत्रांवर सही झाली आहे. ज्या पालकांनी सही केली नाही त्यांच्यापैकी पुष्कळांशी मी स्वतः बोललो. कोणी काळजीपोटी नाही म्हणाले, कोणी खर्चापोटी, आणि कोणी अगदी अब्बांच्याच शब्दांत. मी त्यांना नावे ठेवीत नाही. माझ्या घरातही हेच झाले होते. पण एक मुलगी सही नसलेला कागद परत देताना म्हणाली, "सर, तुम्ही फोटो काढून आणा, मी ते बघेन." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिची सवय झालेली होती, आणि हेच मला सोसवले नाही. कागद घोटणाऱ्या बायकांची हकीकत मी सांगितली, तेव्हा वर्गात सर्वांत जास्त प्रश्न तिने विचारले होते.

म्हणून जे विचारले गेले त्याची उत्तरे येथे लिहून देतो. दोन शिक्षिका आणि एक सेविका बरोबर आहेत. बस एस. टी.ची आहे. घाट दिवसाउजेडी उतरावयाचा आहे आणि रात्री आठच्या आत शाळेच्या दारात परत यावयाचे आहे. जोहर जुन्नरला गावातल्या मशिदीत होईल, मुलींसाठी वेगळी जागा पाहून ठेवली आहे. लेण्याद्रीला आपण सहाव्या लेण्यात जाणार. शेजारी मंदिर आहे, तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा मान राखावयाचा, यापलीकडे कोणावर कसली सक्ती नाही. ज्यांना वर्गणी जड जात असेल त्यांनी वर्गशिक्षकांच्या कानावर घालावे, ती दुसऱ्या कोणाला कळणार नाही. आणि आयांसाठी सहा जागा आम्ही मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. ज्या आईला मुलीला एकटी पाठविणे नको वाटते, तिने बरोबर यावे.

अब्बा आता निवृत्त आहेत. जुन्नरहून आलो त्या रात्री मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी आधी टायरची चौकशी केली, स्टेपनीत हवा होती का ते विचारले. मग मोबाइलवर चोपडीच्या पानाचा फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. सुलसदत्ताचे नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिले आणि 'कल्याणचाच का नक्की?' असे विचारले. गुडघ्यांमुळे गड त्यांना चढवणार नाही. ते म्हणाले, मी खाली बसमध्ये मुलांचे डबे सांभाळीत बसेन, माझे नाव लिही. लिहिले आहे.

संमतिपत्र हरवले असल्यास कार्यालयात नवे मिळते. शनिवारी कार्यालय दुपारी एकपर्यंत उघडे असते.